ज्यांना विचारले नाही

धर्मशास्त्रातील एखादा नियम न्याय्य आहे की नाही हा एक प्रश्न आहे, आणि तो नियम अमक्यावर लागू करण्याचा अधिकार तमक्याला कोठून मिळाला हा अगदी निराळा प्रश्न आहे. परंतु ह्या दोहोंची गल्लत धर्माधिकारी जितक्या सहजपणे करतात तितक्याच सहजपणे सुधारकही करीत असल्यामुळे, चांगला नियमसुद्धा अन्यायाच्या वाटेने येऊ शकतो आणि टाकाऊ वहिवाटीच्या पाठीशीही एखादे खरे गाऱ्हाणे उभे असू शकते, ही गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. माझ्या ध्यानात ती आणून देणारा ग्रंथकार कोणी धर्मशास्त्री नव्हता की व्यवसायाने तत्त्वचिंतकही नव्हता. हिब्रू भाषेत कादंबऱ्या आणि नाटके लिहिणारे ते एक निधर्मी गृहस्थ होते. त्यांचे नाव अव्राहाम बी. येहोशुआ.

येहोशुआंचा जन्म 9 डिसेंबर 1936 रोजी जेरुसलेममध्ये झाला. वडिलांचे घराणे मूळचे सालोनिकाचे, पण कित्येक पिढ्या जेरुसलेममध्ये नांदलेले. वडील याकोव्ह येहोशुआ हे अरबीचे जाणकार असून जुन्या जेरुसलेममधील सेफार्दी वस्त्या, तेथील चालीरीती आणि माणसे ह्यांची वर्णने करणारी पुस्तके त्यांनी लिहिली. आई मात्र 1932 साली मोरोक्कोच्या अटलांटिक किनाऱ्यावरील मोगादोर बंदरातून आलेली. 1492 साली स्पेनमधून हद्दपार झालेल्या यहुद्यांची परंपरा सांगणारे ते सेफार्दी, आणि जर्मनी, पोलंड, रशिया ह्या बाजूंचे ते अश्केनाझी, हा भेद आपल्याकडील वाचकास दूरचा वाटेल. परंतु नव्या इस्राएलातील राजसत्ता, विद्यापीठे आणि वाङ्मय बहुतांशी अश्केनाझींच्या हाती असल्यामुळे, मुलाने दक्षिणेचे ओझे खांद्यावर न घेता ह्या नव्या समाजात मिसळून जावे अशी त्या आईची तळमळ होती. मुलाने आईची ती इच्छा पुष्कळ दिवस पाळली. पलटणीतील नोकरी, हिब्रू विद्यापीठात तत्त्वज्ञान व साहित्य ह्यांचे अध्ययन, 1963 ते 1967 पॅरिसमध्ये यहुदी विद्यार्थ्यांच्या जागतिक संघटनेचे चिटणीसपद आणि 1972 पासून हैफा विद्यापीठात अध्यापन, असा तो जीवनक्रम आहे. पहिल्या पंचवीस वर्षांतील त्यांच्या कथा वाचताना ह्या माणसाची आई मोरोक्कोची होती हे कोणालाही ओळखता येणार नाही.

तरीही त्या सुरुवातीच्या कथांतच पुढच्या साऱ्या लेखनाचे बीज सापडते. 1963 मधील ‘अरण्यांसमोर’ ह्या कथेत एक रेंगाळलेला विद्यार्थी वणव्यावर नजर ठेवण्यासाठी एका टेकडीवरच्या मनोऱ्यात पहारेकरी म्हणून राहतो. ज्या अरण्याची तो राखण करतो ते एका उद्ध्वस्त अरब गावाच्या अवशेषांवर लावलेले असते, आणि त्या गावाचा उरलेला एकमेव साक्षी म्हणजे तेथे काम करणारा एक म्हातारा अरब, ज्याची जीभ कापलेली आहे. अरण्य पेटते तेव्हा त्या म्हाताऱ्याने जे सांगितले नाही तेच आगीच्या रूपाने बोलू लागते. ज्याला बोलता येत नाही, किंवा ज्याला कोणी विचारलेच नाही, असा मनुष्य येहोशुआंच्या लेखनात प्रथम येथे भेटतो. चौदा वर्षांनी, 1977 च्या ‘प्रियकर’ ह्या पहिल्या कादंबरीत, प्रत्येक पात्र आपापल्या तोंडाने बोलते, आणि त्यांत नईम नावाचा एक अरब पोरगाही आहे. मुक्या म्हाताऱ्यापासून बोलक्या पोरापर्यंतचे हे अंतर साधे नव्हे. ते कापताना लेखकाला नाटकाचा उपयोग झाला असला पाहिजे असे मला वाटते, कारण मधल्या काळात त्यांनी रंगभूमीसाठी लिहावयास आरंभ केला होता. 1969 च्या ‘मे महिन्यातील एक रात्र’ ह्या नाटकात 1967 च्या युद्धाच्या तोंडावर जेरुसलेममधील एका घरात गोळा झालेली माणसे आहेत. रंगभूमीवर लेखकाला पात्राच्या वतीने बोलण्याची सोय नसते. ज्याला काही म्हणावयाचे आहे त्याला स्वतःच पुढे येऊन आपली कैफियत द्यावी लागते, आणि समोरच्याने ती ऐकून घ्यावी लागते.

कैफियत हा शब्द मी मुद्दाम वापरला. 1990 साली प्रसिद्ध झालेली ‘श्री. मानी’ ही त्यांची सर्वश्रेष्ठ कादंबरी पाच कैफियतींचीच बनलेली आहे: 1982, 1944, 1918, 1899 आणि 1848 असा काळ मागे मागे सरकत जातो, प्रत्येक प्रकरणात दोन माणसे बोलत असतात, आणि त्यांतल्या एकाचेच बोलणे आपल्याला ऐकू येते; दुसऱ्याचे शब्द वाचकाने तर्काने भरून काढावयाचे. विषय एका सेफार्दी घराण्याच्या पिढ्यांचा, आणि त्या घराण्यावर पडलेल्या एका प्राचीन छायेचा. अब्राहामाने देवाच्या आज्ञेने आपल्या इसहाक ह्या मुलावर सुरी उचलली आणि देवदूताने त्याचा हात धरला, ही कथा यहुदी धर्माच्या मुळाशी आहे; परंतु ह्या कथेचा गौरव करीत राहण्यात एक भयंकर धोका आहे, मुलाचा बळी देण्याची कल्पना तिने पिढ्यानुपिढ्या पवित्र करून ठेवली आहे, असे येहोशुआंचे ठाम मत होते, आणि म्हणून अखेरच्या प्रकरणात त्यांनी ती कथा तडीस नेली. येथे कोणी देवदूत येत नाही. 1848 च्या अथेन्समध्ये अव्राहाम मानी आपल्या वृद्ध गुरूजवळ, आपल्या मुलाच्या मृत्यूतील स्वतःचा वाटा आणि त्यानंतर सुनेशी घडलेला व्यवहार, सारे कबूल करतो आणि निवाडा मागतो. परंतु गुरूची वाचा गेलेली आहे. मुलाला त्या वेळी कोणी विचारले नव्हते, आणि आता गुरूला विचारून उत्तर मिळत नाही. बायबलातील त्या कथेत तरी इसहाकाची संमती कोणी विचारली होती? टीकाकारांनी आणि भक्तांनी ह्यावर हजारो पृष्ठे लिहिली असतील, पण एका कादंबरीकाराने त्या मौनालाच प्रकरणाची रचना करून टाकावे, ही प्रतिभेची गोष्ट आहे.

आता जिच्याविषयी मला प्रामुख्याने लिहावयाचे आहे त्या कादंबरीकडे येतो. ‘सहस्रकाच्या अखेरीचा प्रवास’ ही 1997 साली आली. काळ इसवी सन 999 चा. बेन आत्तार हा टँजियरचा संपन्न यहुदी व्यापारी. अबू लुत्फी नावाचा मुसलमान भागीदार वाळवंटाच्या बाजूने माल आणतो, आणि पॅरिसला जाऊन राहिलेला पुतण्या अबुलाफिया तो उत्तरेत विकतो. हा तिघांचा व्यापार सचोटीने व प्रेमाने चाललेला असतो. पुढे अबुलाफिया एका विधवेशी विवाह करतो. एस्थर-मिन्ना ही र्‍हाइनकाठच्या वर्म्स नगरातील विद्वानांच्या घराण्यातली, सुंदर, बुद्धिमान आणि करारी स्त्री. बेन आत्तारला दोन बायका आहेत हे कळताच तिच्या मनाला असा काही धक्का बसतो की ह्या चुलत्याशी कसलाही संबंध ठेवणे तिला असह्य होते, आणि भागीदारी तुटते. बेन आत्तारला पैशांपेक्षा ह्या बहिष्काराचे दुःख अधिक आहे. आपले द्विभार्यापण हे पाप नाही, त्यात प्रेम आहे, हे पटवून देण्यासाठी तो दोन्ही बायकांना घेऊन, सेव्हिलच्या एल्बाझ ह्या रब्बीला, म्हणजे यहुदी धर्मपंडिताला, वकील म्हणून बरोबर घेऊन, एका जुन्या जहाजातून महासागराच्या वाटेने सीन नदीच्या मुखात शिरतो आणि पॅरिसला पोहोचतो.

ह्या कथेच्या मागे एक खरा इतिहास आहे. मोशेच्या धर्मशास्त्रात बहुपत्नीत्वाला मनाई नाही. याकोबाच्या दोन बायका आणि दोन दासी सर्वांना ठाऊक आहेत. परंतु साधारणतः दहाव्या व अकराव्या शतकांच्या सांध्यावर मायन्झ नगरातील रब्बेनू गेर्शोम ह्या थोर आचार्यांच्या नावे एक ठराव प्रसृत झाला, की एका पुरुषाने दुसरी पत्नी करू नये, आणि पत्नीच्या संमतीवाचून तिला घटस्फोट देऊ नये; जो मोडील त्याच्यावर बहिष्कार. अश्केनाझी समाजाने तो मानला. दक्षिणेकडील व पूर्वेकडील यहुद्यांनी तो आपल्यावर बंधनकारक आहे असे मानले नाही, आणि त्यांच्यात बहुपत्नीत्व शतकानुशतके, विरळपणे का होईना, चालू राहिले. मात्र त्यांच्या विवाहपत्रांत पुष्कळदा एक कलम असे: पहिल्या पत्नीच्या मंजुरीवाचून पती दुसरी करणार नाही. उत्तरेने सर्वांसाठी एक हुकूम काढला, दक्षिणेने प्रत्येक घरासाठी एक करार लिहिला. ह्या दोन मार्गांपैकी कोणता अधिक धर्म्य, हे मी तरी एका वाक्यात सांगू शकणार नाही.

येहोशुआ हे स्वतः दक्षिणेचे, आणि बेन आत्तारचे जहाज त्यांच्या आईच्या महासागरावरून निघालेले. तेव्हा त्यांनी पक्षपात केला असता तर नवल नव्हते. पण कादंबरीत दोन सुनावण्या होतात. पॅरिसजवळ पहिली होते, तीत साधी माणसे न्याय देण्यास बसतात, आपल्याकडच्या जुन्या गोतसभेची आठवण व्हावी अशी ती बैठक आहे. आणि तिचा निवाडा बेन आत्तारच्या बाजूने लागतो. एस्थर-मिन्नेला तो पटत नाही. मग सारी मंडळी खुष्कीच्या मार्गाने वर्म्सला जातात, जेथे शास्त्र अधिक, शिस्त अधिक आणि थंडीही अधिक. आणि तेथे ज्या प्रश्नाचा विचार पहिल्या सभेने केलाच नव्हता तो पुढे येतो. दुसऱ्या पत्नीची साक्ष घेतली जाते. ती तरुण आहे, सगळ्या प्रवासात तिच्याविषयी सर्वजण बोलले आहेत आणि तिच्याशी जवळजवळ कोणीच बोलले नाही, आणि आता तिला विचारल्यावर ती जे सांगते त्याने तिचा वकीलही थरारून जातो: दोन प्रेमे एका हृदयात मावत असतील तर ती केवळ पुरुषाच्याच हृदयात का मावावीत, मलाही दुसरा पती असावा असे का वाटू नये, अशा आशयाची ती साक्ष आहे. वर्म्सचा निवाडा बेन आत्तारच्या विरुद्ध जातो, आणि परतीच्या प्रवासात ती स्त्री आजारी पडून मरते. भागीदारी पुन्हा जुळते. तिच्या मृत्यूने सर्वांची अडचण दूर केलेली असते.

ह्या शोकान्तिकेचा अर्थ पुष्कळांनी ‘दक्षिण विरुद्ध उत्तर’ असा लावला आहे, आणि तो चूक नाही. पण माझ्या मते तो अपुरा आहे. एकपत्नीत्वाचा नियम न्याय्य आहे ह्याविषयी मला यत्किंचितही संदेह नाही, आणि बेन आत्तारच्या प्रेमळ संसाराचे चित्र कितीही मोहक असले तरी त्या मोहात पडण्याचे कारण नाही. तरीही एस्थर-मिन्नेचा अपराध आहे. तो असा की तिने आपल्या नगराचा नियम साऱ्या जगाचा नियम मानला, आणि ज्या स्त्रीच्या कैवारासाठी तो नियम जन्मला होता त्या स्त्रीकडे तिने प्रतिस्पर्ध्याचा पुरावा म्हणूनच पाहिले. बेन आत्तारचाही अपराध आहे: तो दोन्ही बायकांना न्यायालयात आपले प्रेम सिद्ध करणारे दाखले म्हणून घेऊन आला. दक्षिणेने तिला मूक संमतीत गृहीत धरले आणि उत्तरेने मूक पीडेत. लेखकाने तिला नाव दिलेले नाही. पहिली पत्नी आणि दुसरी पत्नी एवढेच. मुख्य पुरुषांना नावे आहेत.

संमतीचा हा प्रश्न येहोशुआंनी बाहेरून आणून धर्मावर लादलेला नाही, तो यहुदी धर्मपरंपरेच्याच पोटात आहे. बहुजनसमाजाला झेपणार नाही असा निर्बंध समाजावर घालू नये, असे तल्मूद ह्या यहुदी धर्मचर्चेच्या मुख्य ग्रंथातील आचार्य म्हणतात. आणि ज्याचा स्वीकार लोकांत झाला नाही तो निर्बंध कालांतराने सुटतो, असाही विचार त्या परंपरेत आहे. त्याहून खोल असा एक संवाद त्याच ग्रंथाच्या शब्बाथविषयक प्रकरणात येतो. सिनाई पर्वताच्या पायथ्याशी इस्राएली लोक धर्मशास्त्र स्वीकारण्यास उभे होते तेव्हा देवाने तो पर्वतच उपटून पिंपासारखा त्यांच्या डोक्यावर उलटा धरला, आणि स्वीकाराल तर ठीक, न स्वीकाराल तर येथेच तुमचे थडगे होईल, असे बजावले, असे एक आचार्य सांगतात. त्यावर दुसरे आचार्य उत्तर देतात, की असे असेल तर साऱ्या धर्मशास्त्राविरुद्ध एक मोठी हरकत उभी राहते. कारण जबरदस्तीने लिहून घेतलेला दस्तऐवज जसा रद्द ठरतो तसाच हाही करार रद्द ठरेल. ह्यावर तिसरे आचार्य तोड काढतात: पुढे बायबलातील राणी एस्थरच्या काळी लोकांनी तेच शास्त्र आपखुशीने पुन्हा स्वीकारले. ईश्वराच्या आज्ञेलासुद्धा माणसाची संमती लागते, आणि ती भयाने दिलेली चालत नाही, हा विचार ज्या परंपरेच्या मुख्य ग्रंथात इतक्या निर्भयपणे मांडला गेला तिच्याविषयी मला अपार आदर वाटतो. ज्या अधिकाऱ्यांना ह्या संवादाचा विसर पडतो त्यांच्याविषयी तेवढाच खेद वाटतो.

येथे मला आपल्याच बोलीच्या माणसांकडे वळणे भाग आहे. येहोशुआंच्या कादंबरीत कोकणातील यहुदी, म्हणजे बेने इस्राएल, नाहीत. परंतु वर्म्सचे न्यायासन वाचताना मला ते आठवले, आणि आठवल्यावाचून राहिले नसते. अलिबागेजवळच्या नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटून सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या, अशी ज्यांची उत्पत्तिकथा. कोकणात तेलाचे घाणे चालवून शनिवारी ते बंद ठेवीत म्हणून ज्यांना गावकरी ‘शनिवार तेली’ म्हणत. गावांवरून ज्यांनी पेणकर, रोहेकर, किहीमकर अशी आडनावे घेतली. ज्यांनी एलियाहू हनाबी ह्या संदेष्ट्याच्या नावाने मलिद्याची ताटे भरली आणि बायबलातील आख्यानांवर मराठीत कीर्तने केली. ज्यांच्यापैकी सामाजी हसाजी दिवेकर ह्यांनी 1796 साली मुंबईत पहिले प्रार्थनामंदिर बांधले, ते हे लोक. 1948 नंतर ते हजारोंच्या संख्येने इस्राएलात गेले. ज्या भूमीचे नाव त्यांनी शतकानुशतके प्रार्थनेत घेतले होते त्या भूमीवर पाय ठेवल्यानंतर काही वर्षांतच त्यांच्या विवाहांविषयी शंका निघाली. कोकणात असताना त्यांना घटस्फोटाच्या धर्मपत्राचे आणि निपुत्रिक विधवेला दिराच्या बंधनातून मोकळे करण्याच्या विधीचे शास्त्रोक्त ज्ञान नव्हते. तेव्हा कित्येक पिढ्यांपूर्वी एखादी स्त्री शास्त्रदृष्ट्या विवाहबंधनातून न सुटताच पुन्हा विवाह करती झाली असेल, आणि तिची संतती शास्त्राने विवाहास अपात्र ठरत असेल, असा तो तर्क. 1962 साली मुख्य रब्बीमंडळाने असे निर्देश काढले की बेने इस्राएल व्यक्तीचा इतर यहुद्याशी विवाह लावण्यापूर्वी तिच्या आईच्या, आजीच्या आणि शक्य तितक्या मागच्या पिढ्यांचा तपास करावा.

ज्या आज्यांविषयी हा तपास चालणार होता त्या पेण, रोहा आणि अलिबागच्या मातीत केव्हाच विसावल्या होत्या. दप्तरात त्यांचे काहीच नव्हते. दळण, कांडण, घाणा, शनिवारची विश्रांती आणि ‘शेमा इस्राएल’ एवढा एक प्रार्थनामंत्र, ह्यांवर ज्यांनी एक धर्म शेकडो वर्षे राखला त्यांची साक्ष आता कोण घेणार होते? राखलेल्या धर्माचे श्रेय त्यांना कोणी दिले नाही, न शिकविलेल्या विधीचा दोष मात्र त्यांच्या नावावर मांडला. शास्त्रदृष्ट्या ती शंका घेता येण्याजोगी होती, हे मी नाकारीत नाही. विवाहशुद्धीविषयीची काळजी ही धर्माधिकाऱ्याची जबाबदारीच आहे. परंतु एका जमातीचे नाव घेऊन तिच्यापुरताच तो तपास ठरविणे, आणि तिच्या प्रतिनिधींना विश्वासात न घेता तो ठरविणे, हे वर्म्सचेच वर्तन झाले. बेने इस्राएलांनी ते मुकाट्याने सोसले नाही. 1964 च्या उन्हाळ्यात जेरुसलेममध्ये त्यांनी धरणे धरले, निदर्शने केली, आणि त्या वर्षीच्या ऑगस्ट महिन्यात इस्राएलच्या संसदेने जाहीर केले की बेने इस्राएल हे सर्व बाबतींत यहुदीच आहेत. रब्बीमंडळाने निर्देशांतून त्या जमातीचे नाव काढून टाकले. नियम मागे घेतला नाही. तो यापुढे कोणाच्याही बाबतीत शंका आल्यास लागू व्हावा असा केला. माझ्या दृष्टीने हा फरक मोठा आहे, कारण जो नियम सर्वांना सारखा लागू होतो त्यात निदान कोणाचा अपमान नसतो.

यहुदी कोण, ह्या प्रश्नाला येहोशुआंनी स्वतः दिलेले उत्तर फार थोडक्यात आहे: जो स्वतःला यहुदी म्हणून ओळखतो तो यहुदी. 1980 साली प्रसिद्ध झालेल्या निबंधसंग्रहात त्यांनी ते मांडले. ह्या व्याख्येत आईचा वंश नाही आणि रब्बीचा दाखलाही नाही. मनुष्याची स्वतःची संमती एवढाच आधार. ती व्याख्या धर्मशास्त्राला पुरेशी होणार नाही हे उघड आहे, कारण धर्म म्हणजे केवळ माझे मला काय वाटते एवढेच नसून इतरांनी मला आपले म्हणणे हेही त्यात येते. तरीसुद्धा कोकणातील त्या तेलणींना ही व्याख्या लावून पाहिली तर त्या उजळ माथ्याने उभ्या राहतात.

आणि म्हणूनच येहोशुआंच्या जीवनातील एका प्रसंगाबद्दल मला स्पष्ट लिहिले पाहिजे. 2006 च्या मे महिन्यात वॉशिंग्टन येथे अमेरिकेतील यहुद्यांच्या एका जुन्या संस्थेच्या शताब्दीनिमित्त झालेल्या परिसंवादात त्यांनी तेथील श्रोत्यांना सुनावले की तुमचे यहुदीपण अर्धवट आहे, तुम्ही अंगरखा बदलावा तसे देश बदलता, आणि आमचे यहुदीपण मात्र अंगाच्या कातडीसारखे आहे. देशाबाहेर पांगून राहणे ही यहुद्यांची मानसिक व्याधी आहे, हा सिद्धांत ते तरुणपणापासून मांडीत आले होते, आणि त्यामागे युरोपातील संहाराचे दुःख होते हेही खरे. परंतु व्यासपीठावरच्या येहोशुआंनी त्या दिवशी जे केले ते कादंबरीतल्या एस्थर-मिन्नेहून निराळे नव्हते. आपल्या नगरातील जीवन हेच पूर्ण जीवन, आणि दूरच्या बांधवांचे ते अपुरे, हा निवाडा त्यांनी दूरच्या बांधवांना न विचारता दिला. बेन आत्तार लिहिणाऱ्या हाताला हे शोभले नाही. कादंबरीकार येहोशुआ हे निबंधकार येहोशुआंपेक्षा अधिक न्यायी आहेत, असे माझे मत आहे; कारण कादंबरीत त्यांना दुसऱ्या बाजूला बोलू द्यावेच लागे.

एका वेगळ्या दिशेने हाच प्रश्न आपल्या देशाच्या नावाने त्यांच्याकडे आला होता. 1994 मधील ‘हिंदुस्थानातून परतणे’ ह्या कादंबरीत बेंजामिन रुबिन हा तेल अवीवमधील तरुण डॉक्टर आपल्या रुग्णालयाच्या व्यवस्थापकाबरोबर व त्याच्या पत्नीबरोबर, बोधगयेस आजारी पडलेल्या त्यांच्या मुलीला आणण्यासाठी येतो. तो त्या पत्नीच्या प्रेमात पडतो. पुढे व्यवस्थापक हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतर मरतो, आणि मृताचा आत्मा आपल्या देहात येऊन राहिला आहे असा भास ह्या शास्त्रनिष्ठ डॉक्टरास होऊ लागतो. पाश्चात्त्य वाचकांनी ह्याला भारतीय पुनर्जन्मकल्पना म्हटले. आपल्या परिभाषेत तो पुनर्जन्म नव्हे, तो परकायाप्रवेशाच्या जवळ जातो. आणि परकायाप्रवेशाच्या आपल्या कथांत तो देह रिकामा झालेला असावा लागतो, शंकराचार्यांनीसुद्धा मृत राजाच्याच देहात प्रवेश केला. जिवंत माणसाच्या देहात दुसऱ्याने येणे ह्याला आपण बाधा म्हणतो. लेखकाला हा भेद ठाऊक असो वा नसो, त्याने चित्र मात्र बाधेचेच काढले आहे: डॉक्टरने दुसऱ्याच्या संसारात न विचारता पाऊल टाकले, आणि दुसरा न विचारता त्याच्या अंतःकरणात येऊन बसला.

2004 साली त्यांनी जी कादंबरी लिहिली तीत त्यांनी 1997 ची रचना उलटी केली आहे. जेरुसलेमच्या बाजारातील बाँबस्फोटात मेलेल्या एका परदेशी मजूर स्त्रीचे प्रेत शवागारात बेवारस पडून राहते. ज्या पाव-कारखान्यात ती झाडलोट करी त्याच्या मालकाला तिची आठवणही नसते, आणि वर्तमानपत्रात बभ्रा झाल्यावर तेथील कर्मचारी-अधिकाऱ्याला तिचे प्रेत तिच्या मायदेशी पोहोचविण्याच्या कामगिरीवर पाठविले जाते. ह्या कादंबरीत अधिकारी, मालक, पत्रकार, साऱ्यांना हुद्देच आहेत; नाव एकट्या त्या मृत स्त्रीला आहे. यूलिया रगायेव. ती यहुदी नव्हती. तिची म्हातारी आई मात्र तिला तेथे पुरू देत नाही. मुलगी जेरुसलेमला आपल्या मर्जीने गेली, तेव्हा जेरुसलेम तिचेही आहे, तिला परत न्या, असे ती सांगते. त्या म्हातारीने दिलेली ही पवित्र नगरीची व्याख्या कोणत्याही धर्मपीठाने दिलेल्या व्याख्येपेक्षा मला अधिक उदात्त वाटते.

पत्नी रिव्का ही 2016 साली निवर्तली. त्यानंतरही येहोशुआ लिहीतच राहिले, आजारातही लिहीत राहिले. 2022 मध्ये ‘तिसरे मंदिर’ नावाचे त्यांचे छोटेसे पुस्तक आले. ते कथा म्हणून छापले असले तरी त्याची घडण नाटकाची आहे: एक धर्मन्यायालय, समोर बसलेला रब्बी, आणि धर्मांतरित आईच्या पोटी जन्मलेली एक स्त्री, जी आपला विवाह एका रब्बीने कसा मोडला ह्याची फिर्याद घेऊन आली आहे. ती बोलते, रब्बी ऐकतो, प्रश्न विचारतो, पुन्हा ऐकतो. त्याच वर्षी 14 जून रोजी तेल अवीव येथे येहोशुआ वारले.